इलेक्ट्रिक गिटारचं वायरिंग स्वतः बदलायचंय? ठाणे-नवी मुंबईच्या नवशिक्यांसाठी

गिटार घेऊन वर्ष-दोन वर्षं झाली की कानाला तक्रारी सुचायला लागतात. ब्रिजचा आवाज टोचतो, व्हॉल्यूम कमी केला की सगळं मंद होतं, घरघर तर पाचवीलाच पुजलेली. मग बहुतेक जण थेट नवे पिकअप (तारांखालचे, त्यांची थरथर पकडणारे भाग) शोधायला लागतात. माझं म्हणणं एवढंच, की पिकअपवर हजारो रुपये घालण्याआधी पिकगार्ड, म्हणजे पुढचा प्लास्टिकचा पत्रा, उघडून वायरिंग बघा. बऱ्याच तक्रारींवरचा उपाय तिथे बोटभर वायर आणि एका चिमुकल्या कपॅसिटरमध्ये असतो. पिकअप बदलायचे ठरलेच तर नंतर बदला, तोवर तुमचा हातही बसलेला असेल.

हा लेख स्ट्रॅट पद्धतीच्या गिटारसाठी आहे, म्हणजे तीन सिंगल-कॉइल (एकाच वेटोळ्याचे) पिकअप (मानेकडचा नेक, मधला आणि तारा अडकवतो त्या टोकाचा ब्रिज), पाच घरांचा स्विच, एक व्हॉल्यूम आणि दोन टोन. हंबकर (दोन वेटोळ्यांचे पिकअप) असलेल्यांसाठी पुढे एक वेगळा भाग आहे. ९ व्होल्टची बॅटरी लागणारे अ‍ॅक्टिव्ह पिकअप असतील तर यातलं काहीही करू नका, त्यांचं गणित वेगळं असतं.

१. तक्रार नेमकी कुठली ते ठरवा

नॉब फिरवताना करकर येत असेल तर तो वायरिंगचा दोष नाही. खाडीकाठच्या दमट हवेत, कोपरी असो की ऐरोली, पॉट (नॉबखालचा, रेझिस्टन्स कमी-जास्त करणारा भाग) आणि जॅक (केबल खुपसायची जागा) पावसाळ्यात हमखास खराब होतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा काँटॅक्ट क्लीनर पॉटच्या फटीत मारा आणि नॉब दोन्ही टोकांपर्यंत भरपूर वेळा फिरवा. बिजागऱ्यांना मारायचा गंजाचा साधा स्प्रे इथे वापरू नका, तो आत तेलकट थर सोडतो.

घरघरीचं थोडं सविस्तर सांगतो, कारण इथेच सगळे फसतात. अ‍ॅम्प चालू ठेवून गिटार हातात घ्या आणि जागच्या जागी हळूहळू गोल फिरा. एका दिशेला घरघर वाढते आणि दुसऱ्या दिशेला कमी होते का? मग सिंगल-कॉइल पिकअप घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेचा आणि तिच्या पटींचा आवाज पकडतोय. पंख्याचा रेग्युलेटर, लॅपटॉपचा चार्जर, स्वस्तातला एलईडी दिवा असं एकेक बंद करून बघा. कित्येकदा गिटार उघडायची वेळच येत नाही.

आता तारांना हात लावा. हात लावल्यावर आवाज कमी झाला तर तारांची ग्राउंड वायर शाबूत आहे. उलट वाढला तर जॅकवर वायरी उलटसुलट लागल्या असण्याची दाट शक्यता आहे.

आणि हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर प्रश्न गिटारचा नाही, प्लगचा किंवा घरातल्या अर्थिंगचा आहे. जुन्या इमारतींत, विशेषतः भाड्याच्या खोल्यांत, सॉकेटला तीन भोकं असतात पण वरच्या जाड भोकामागे वायरच नसते. अ‍ॅम्प टू-पिन अडॅप्टरवर चालवत असाल तर तो आजच काढा आणि सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. शॉक बसतो म्हणून गिटारमधली ग्राउंड वायर कापा, असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

बाकीच्या तक्रारींची औषधं अशी. ब्रिज टोचत असेल तर पायरी ५. व्हॉल्यूम उतरवल्यावर आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा होत असेल तर पायरी ६. आणखी वेगळे आवाज हवे असतील तर पायरी ७.

२. सामान

- २५ ते ३५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न आणि स्टँड. पॉटच्या पाठीवर डाग द्यायला जास्त वॉटचं असेल तर बरं, नसेल तरी भागतं.
- ६०/४० चं, आत रोझिन असलेलं बारीक सोल्डर
- सोल्डर ओढून घ्यायचा पंप
- डिजिटल मल्टिमीटर. स्वस्तातला चालेल, फक्त ‘बीप’ देणारा असावा.
- बारीक स्क्रूड्रायव्हर, वायर सोलायचा कटर, चिमटा, काचकागद, मास्किंग टेप
- बारीक मल्टिस्ट्रँड वायर, दोन-तीन रंगांत
- हीट श्रिंक नळी
- ट्रेबल ब्लीडसाठी (पायरी ६ मधला बदल) १ नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर (अंगावर १०२ छापलेलं असतं) आणि १५० किलोओमचा रेझिस्टर (तपकिरी, हिरवा, पिवळा पट्टा)
- पायरी ७ करायची असेल तर २५० किलोओमचा पुश-पुल पॉट (दांडा ओढला-दाबला की स्विचचंही काम करणारा)

पुश-पुल सोडून यातलं जवळपास सगळं लॅमिंग्टन रोडला मिळतं. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलेलं असतं. ठाण्याहून दादरला गाडी बदलून चर्चगेट स्लोने ग्रँट रोडला उतरायचं. वाशी-नेरुळकरांनी हार्बरने सीएसएमटी गाठून पुढे बस किंवा टॅक्सी करावी. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. स्क्रूड्रायव्हर, टेप, काचकागद यांसाठी मात्र एवढ्या लांब जायची गरज नाही. नौपाड्यातलं किंवा वाशीतलं कुठलंही हार्डवेअरचं दुकान चालेल.

पॉट घेताना मात्र जपून. लॅमिंग्टन रोडला ‘पॉट द्या’ म्हटलं की काउंटरवर येतो तो बहुधा रेडिओ-अ‍ॅम्प्लिफायरचा, १० किंवा १०० किलोओमचा. तो गिटारला लावला तर आवाजातली धार गेलीच समजा. सिंगल-कॉइलला २५० आणि हंबकरला ५०० किलोओम, हा सर्वसाधारण नियम. किलोओमच्या आकड्याआधी लिहिलेलं अक्षरही बघा. ‘ए’ म्हणजे ऑडिओ टेपर आणि ‘बी’ म्हणजे लिनियर, ही आजची रूढ पद्धत. व्हॉल्यूमला ‘बी’ लावला तर नॉब बराच खाली येईपर्यंत फारसा फरक जाणवत नाही आणि मग आवाज एकदम कोसळतो.

दुसरा सापळा मापाचा. आपल्याकडच्या बऱ्याचशा परवडणाऱ्या गिटारींत लहान, मेट्रिक मापाचे पॉट असतात. ऑनलाइन ‘अमेरिकन’ म्हणून मागवलेल्या पॉटची मान ३/८ इंच जाड असते आणि ती पिकगार्डच्या भोकात शिरत नाही. दांड्यावरचे दातेही वेगळे असतात, त्यामुळे जुना नॉब बसत नाही. ऑर्डर देण्याआधी जुन्या पॉटची मान आणि दांडा पट्टीवर मोजा.

कपॅसिटरवर पैसे उधळू नका. टोनला ०.०२२ किंवा ०.०४७ मायक्रोफॅरॅड लागतो (अंगावर २२३ किंवा ४७३). तोच आकडा असलेला नारिंगी रंगाचा नावाजलेला कपॅसिटर कितीतरी पट महाग मिळतो. डोळे मिटून ऐकणाऱ्याला फरक सांगता येईल असं मला वाटत नाही.

३. उघडा, मोजा, लिहून ठेवा

तारा नाहीतरी बदलायच्याच असतील तेव्हा हे काम काढा. तरंगता ब्रिज असेल तर त्याच्या खाली घडी केलेलं कापड सरकवा, म्हणजे तारा काढल्यावर स्प्रिंगा तो एकदम मागे खेचणार नाहीत.

उघडण्याआधी एक मोजणी करा. गिटारला केबल लावा, सगळे नॉब १० वर ठेवा आणि केबलच्या मोकळ्या टोकाला मल्टिमीटर लावा, एक काडी टोकाला आणि दुसरी बाहेरच्या नळीला. मीटर २० किलोओमवर ठेवून स्विचच्या पाचही घरांत आकडा लिहून घ्या. एकट्या सिंगल-कॉइलला साधारण ६-७ किलोओमच्या आसपास काहीतरी दिसेल. दुसऱ्या आणि चौथ्या घरात दोन पिकअप समांतर लागतात, म्हणून आकडा जवळपास निम्मा होतो. हा कागद जपून ठेवा. काम झाल्यावर हेच आकडे पुन्हा आले तर वायरिंग जागेवर आहे.

पिकगार्डला आठ किंवा अकरा स्क्रू असतात, ते वाटीत काढा. पिकगार्ड उचलताना हिसका देऊ नका. जॅककडे जाणाऱ्या दोन वायरी आणि मागच्या स्प्रिंगांच्या पट्टीकडे जाणारी एक ग्राउंड वायर त्याला बांधलेली असते. आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा आणि मग कागदावर हाताने नकाशा काढा. नुसत्या फोटोवर विसंबू नका, एका वायरीमागे दुसरी लपलेली असते आणि दोन्ही काळ्याच असतात. प्रत्येक वायरीला मास्किंग टेपचा झेंडा लावून त्यावर नाव लिहिलंत तर पुढचे तास वाचतील.

आता स्विच बघा. दोन प्रकार असतात. एक उघडा, पत्र्याच्या चौकटीचा, दोन्ही बाजूंना चार-चार टोकं असलेला. दुसरा बंद प्लास्टिकच्या डबीचा, एका ओळीत आठ पिना असलेला. डबीवाल्या स्विचच्या पिनांचा क्रम कंपनीगणिक बदलतो, त्यामुळे इंटरनेटवरची आकृती डोळे झाकून उतरवू नका. मीटर बीपवर ठेवून प्रत्येक घरात कुठली पिन कुठल्या पिनेला जोडली जाते ते स्वतः तपासा.

मूळ स्ट्रॅट १९५४ मध्ये आली तेव्हा स्विच तीनच घरांचा होता. वादक तो मध्येच अडकवून दोन पिकअपचा आवाज काढायचे. कंपनीने पाच घरांचा स्विच दिला तो १९७७ मध्ये. म्हणजे गिटारशी खाटखूट करायची परंपरा जुनीच आहे.

४. डाग द्यायला आधी भंगारावर शिका

गिटारवर पहिला डाग देऊ नका. बिघडलेला रेडिओ, जुना चार्जर, मिळेल त्या भंगारावर एक संध्याकाळ सराव करा.

टोक तापलं की त्याला थोडं सोल्डर चढवा आणि ओल्या स्पंजवर पुसा. वायरीच्या टोकालाही आधीच सोल्डर चढवून घ्या. मग आयर्न जोडाला टेकवायचं आणि सोल्डर आयर्नला नव्हे तर तापलेल्या जोडाला लावायचं. सोल्डर पाण्यासारखं पसरलं पाहिजे. चमकदार आणि उतरता डाग चांगला. मळकट, गोळ्यासारखा बसलेला डाग कच्चा, तो आज चालेल आणि महिन्याभराने ऐन वाजवताना दगा देईल. सोल्डर थिजेपर्यंत वायर अजिबात हलवू नका.

पॉटच्या पाठीवर डाग देणं नवशिक्याला सगळ्यात जड जातं, कारण तो पत्रा उष्णता पिऊन टाकतो. जागा काचकागदाने घासा, आधी तिथे सोल्डरचा पातळ थर द्या, पॉट निवू द्या आणि मग वायर बसवा. पाच-सहा सेकंदांत जमलं नाही तर आयर्न उचला. तापत ठेवलंत तर आतला कार्बनचा पट्टा जळतो.

सोल्डरिंग करताना पंखा बंद ठेवा, नाहीतर डाग नीट बसत नाही. खिडकी मात्र उघडी असू द्या. सोल्डरमध्ये शिसं असतं, तेव्हा हात साबणाने धुतल्याशिवाय चहाच्या कपाला लावू नका. गिटारच्या अंगावर जुनी चादर पसरा, सोल्डरचा एक थेंब उडाला तरी पॉलिशवर कायमचा डाग राहतो. नळाच्या कामाची आम्लाची पेस्ट तर घरात असली तरी या कामाला घेऊ नका, ती पुढे तांबं खाते.

५. पहिला बदल: ब्रिजला टोन

मूळ स्ट्रॅट वायरिंगमध्ये एक टोन नेकला, दुसरा मधल्या पिकअपला, आणि ब्रिजला टोनच नाही. ज्या पिकअपचा आवाज सगळ्यात टोचतो त्यालाच लगाम नाही, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

उघड्या स्विचवर एका बाजूला पिकअपच्या तीन वायरी येतात आणि दुसऱ्या बाजूने टोनकडे वायरी जातात. टोनच्या बाजूला ब्रिजचं टोक रिकामं दिसेल. त्या रिकाम्या टोकापासून शेजारच्या मधल्या पिकअपच्या टोकापर्यंत दीड-दोन सेंटिमीटरची वायर टाका. दोन डाग, काम संपलं. आता खालचा टोन मधल्या आणि ब्रिज अशा दोन्ही पिकअपवर चालेल. हा बदल परत काढणंही तितकंच सोपं, म्हणून सुरुवात इथूनच करावी.

६. दुसरा बदल: ट्रेबल ब्लीड

व्हॉल्यूम कमी करता तेव्हा पॉटमधला रेझिस्टन्स सिग्नलच्या वाटेत येतो. केबलमध्ये स्वतःची कपॅसिटन्स असते, साधारण मीटरला १०० पिकोफॅरॅडच्या आसपास. हे दोघे मिळून वरचे सूर गिळतात. लांब केबलवर हे जास्त जाणवतं.

उपाय म्हणजे वरच्या सुरांना एक आडवाट काढून देणं. १ नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर आणि १५० किलोओमचा रेझिस्टर एकमेकांना समांतर पिळून घ्या. पायांवर हीट श्रिंक चढवा. ही जोडी व्हॉल्यूम पॉटच्या दोन पायांमध्ये लावायची: स्विचकडून वायर येते तो पाय आणि जॅककडे वायर जाते तो मधला पाय. तिसऱ्या, ग्राउंडच्या पायाला ती लागता कामा नये.

व्हॉल्यूम ५ वर आणून वाजवून बघा. आवाज उलट फार पातळ वाटला तर लहान कपॅसिटर लावा, ६८० पिकोफॅरॅडचा लावून बघण्यासारखा आहे.

७. तिसरा बदल: पुश-पुल

स्ट्रॅटवर नेक आणि ब्रिज एकत्र वाजत नाहीत. एक टोन पॉट काढून त्या जागी पुश-पुल बसवला की हे जमतं, आणि पाचाचे सात आवाज होतात.

आधी खोली मोजा. पुश-पुल साध्या पॉटपेक्षा बराच उंच असतो. पिकगार्ड ठेवतो त्या पातळीपासून तळापर्यंत पट्टी उभी धरून बघा. पातळ बॉडीच्या गिटारीत तो टेकतो आणि पिकगार्ड बसतच नाही.

पुश-पुलच्या पाठीवर दोन ओळींत सहा टोकं असतात. आपल्याला एकच ओळ लागते. दांडा ओढल्यावर मधलं टोक कुठल्या कडेच्या टोकाला जोडलं जातं ते मीटरच्या बीपने शोधा. मग,

- स्विचवर नेकची वायर जिथे आहे तिथेच राहू द्या आणि त्याच टोकापासून एक नवी वायर पुश-पुलच्या मधल्या टोकाला न्या.
- ओढल्यावर जोडल्या जाणाऱ्या टोकापासून दुसरी वायर व्हॉल्यूम पॉटच्या आतल्या पायाला न्या, म्हणजे स्विचकडून वायर येते त्याच पायाला.
- जुन्या टोन पॉटवरचा कपॅसिटर आणि वायरी जशाच्या तशा नव्या पॉटवर हलवा. पॉटच्या पाठीची ग्राउंड वायर विसरू नका.

आता दांडा ओढला की स्विच कुठेही असो, नेक चालूच. ब्रिजच्या घरात नेक-ब्रिज मिळेल, दुसऱ्या घरात तिन्ही. नेक-ब्रिजच्या जोडीत घरघर ऐकू येईल, ते तुमचं चुकलं म्हणून नाही. बऱ्याच गिटारींत फक्त मधला पिकअप उलटा गुंडाळलेला असतो, त्यामुळे घरघर कापली जाते ती दुसऱ्या आणि चौथ्या घरातच.

*हंबकरवाल्यांसाठी.* सेथ लव्हर यांनी गिब्सनमध्ये असताना १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केलेली ही रचना म्हणजे उलटसुलट गुंडाळलेल्या दोन कॉइल. पुश-पुलने एक कॉइल बंद करून सिंगल-कॉइलसारखा आवाज काढता येतो, पण पिकअपमधून चार रंगीत वायरी आणि एक उघडी वायर येत असेल तरच. एकच वायर आणि भोवती जाळी असेल तर नाद सोडा. चार असतील तर दोन कॉइलना जोडणारी वायरींची जोडी पुश-पुलच्या मधल्या टोकाला आणि ओढल्यावर लागणारं टोक ग्राउंडला.

मात्र रंगांवर आंधळा विश्वास नको. सेमर डंकनमध्ये काळी वायर म्हणजे मुख्य सिग्नल आणि लाल-पांढरी एकत्र जोडलेली. डिमार्झिओमध्ये लाल म्हणजे सिग्नल आणि काळी-पांढरी एकत्र. दोघांचाही हिरवा ग्राउंडला जातो, म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि काळ्यावर घसरतो. नाव नसलेला पिकअप असेल तर मीटरने जोड्या शोधा. ज्या दोन वायरींमध्ये काही किलोओम दिसतात ती एक कॉइल, उरलेल्या दोन म्हणजे दुसरी.

८. बंद करण्याआधी

तारा नसतानाच तपासा. केबल लावा, अ‍ॅम्पचा आवाज अगदी कमी ठेवा आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने पिकअपच्या खिळ्यांवर हलकेच टिचकी मारा. चालू पिकअपवर खणखणीत ‘टक’ येईल, बंद असलेल्यावर जेमतेम. पाचही घरांत, दांडा आत आणि बाहेर ठेवून हे करा. मग मीटरचे आकडे जुन्या कागदाशी ताडून बघा.

दोन पिकअप एकत्र लावल्यावर आवाज पोकळ आणि पातळ येतोय? मग त्यातला एक उलट्या फेजमध्ये आहे. त्याच्या दोन वायरींची अदलाबदल करा. पिकअपवर धातूचं झाकण असेल तर थांबा, ते झाकण ग्राउंडला आहे की सिग्नलला ते आधी बघावं लागतं.

आतून तांब्याची टेप लावून शील्डिंग (बाहेरची घरघर अडवणारं अस्तर) करणार असाल तर चिकटणाऱ्या बाजूनेही वीज वाहणारी टेप घ्या आणि सगळी टेप एका जागी ग्राउंडला जोडा. त्यानंतरचा नेहमीचा घोटाळा म्हणजे उघडं असताना गिटार वाजते आणि सगळं बसवलं की मुकी होते. जॅकची लांब, लवचीक जीभ म्हणजे सिग्नल. प्लग आत शिरला की ती बाहेर ढकलली जाते आणि टेपला टेकते. तिथल्या टेपवर इन्सुलेशन टेपचा तुकडा लावा. स्विचच्या खालीही एक लावून टाका.

स्क्रू हाताने, कर्णरेषेत थोडे थोडे आवळा. ड्रिल वापरू नका, लाकडातला आटा गेला की स्क्रू धरत नाही. बदललेल्या वायरिंगचा नकाशा तारखेसह पिकगार्डच्या आत चिकटवा, पुढच्या वेळी उघडणारा दुसरा कोणी असू शकतो. काढलेला जुना पॉट आणि उरलेला कपॅसिटर झिपच्या पिशवीत घालून गिटारच्या बॅगेत ठेवा. गिटार विकायची वेळ आली तर बरेच गिऱ्हाईक मूळ सुटे भाग मागतात.